क्लब हाऊसमधली एक संध्याकाळ सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांना द्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
घोडबंदर रस्त्यालगतच्या गृहसंकुलांच्या कार्यकारिणी समित्या, ठाणे.

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आपापल्या संकुलातलं क्लब हाऊस तीन-साडेतीन तास मोकळं ठेवा. तिथे एक चित्रपट दाखवू आणि तो संपला की लगेच खुर्च्या न उचलता, दिवे लावून तासभर बोलत बसू. आणि याची सुरुवात मराठी दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांनी करू. मी कुठल्याही संस्थेची पदाधिकारी नाही. कापूरबावडीच्या पुढे राहणारी, मेंटेनन्स वेळेवर भरणारी एक साधी सभासद आहे. ही मागणी मला का करावीशी वाटते, ते मात्र जरा लांबून सांगावं लागेल.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. एकतीस वर्षं लेथपुढे उभे राहिले. निवृत्त झाल्यावर किसननगरची खोली विकून ते माझ्याकडे राहायला आले, आणि दोन-तीन वर्षांतच त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. मे २०१८ मधल्या एका दुपारी ते घरातून निघून गेले. जाताना स्वयंपाकघरातला रिकामा डबा पिशवीत घालून घेऊन गेले होते. वॉचमनला वाटलं, आजोबा फेरी मारायला निघालेत. आम्ही गार्डन, देऊळ, बाजूच्या दोन सोसायट्या, सगळं पालथं घातलं. संध्याकाळी सातच्या सुमाराला माझ्या भावाला काय सुचलं कोण जाणे, तो सरळ वागळे इस्टेटला गेला. अण्णा त्यांच्या जुन्या कारखान्याच्या फाटकासमोर बसले होते. कारखाना बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तिथे आता गोदाम आहे. समोरच्या टपरीवरच्या बाईंनी त्यांना सावलीत स्टूल दिलं होतं, दोनदा चहा पाजला होता. भावाला त्या म्हणाल्या, "बाबा म्हणतात, दुसरी पाळी आहे, भोंगा झाला की आत जाणार. मी म्हटलं, बसा, भोंगा होईस्तोवर बसा." त्यांची टपरी सहाला बंद होते. त्या दिवशी त्यांनी सात वाजेपर्यंत उघडी ठेवली होती.

घरी आणल्यावर पुढच्याच आठवड्यात आम्हाला एक लेखी पत्र आलं. अण्णा कधी कधी मजला चुकायचे, भलत्याच घराची बेल वाजवायचे, आत जाऊन सोफ्यावर बसायचे. त्याचा इतर सभासदांना त्रास होतो, तरी आपल्या वडिलांना आवरावे, अशा अर्थाचं ते पत्र होतं. कोणाचं नाव मी इथे लिहिणार नाही. ती माणसं वाईट नव्हती. घाबरलेली होती. आपल्याच घराचा दरवाजा उघडून एक म्हातारा माणूस आत येतो आणि "हे माझंच घर ना?" असं विचारतो, तेव्हा काय उत्तर द्यायचं, हे आपल्याला कोणी कधी शिकवलेलंच नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत माझ्या मावशीच्या सांगण्यावरून घरच्या टीव्हीवर मी सुमित्राबाईंचा 'अस्तु' पाहिला. एकटीने पाहिला आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा पाहिला. आम्ही नऊ जण होतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉ. मोहन आगाशे यांनी यात शास्त्री नावाच्या संस्कृतच्या एका विद्वान प्राध्यापकाची भूमिका केली आहे. आयुष्यभर शब्दांवर हुकमत असलेला हा माणूस आता अल्झायमरने एकेक शब्द गमावतो आहे. मुलगी, म्हणजे इरावती हर्षे, त्यांना गाडीत बसवून काही मिनिटांसाठी बाजूला जाते. तेवढ्यात रस्त्याने हत्ती जातो. शास्त्रीबुवा लहान मुलासारखे गाडीतून उतरतात आणि हत्तीच्या मागे चालू लागतात. एकीकडे मुलीची शोधाशोध, पोलीस, नवरा, बहीण, जुने हिशेब. दुसरीकडे माहुताचं फिरस्तं बिऱ्हाड. त्या माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलते, तिची भाषा शास्त्रींना कळत नाही. पण ती त्यांना जेवू घालते आणि ते तिला आई म्हणतात. स्वतःच्याच पोटाची ददात असलेल्या या बाईला 'डिमेन्शिया', म्हणजे स्मृतिभ्रंश, हा शब्द माहीत नाही. समोरचा माणूस आता मूल झालाय, एवढं मात्र तिला कळतं, आणि तेवढं तिला पुरतं. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि संवादांसाठी सुमित्राबाईंना.

मला चन्नम्माच्या जागी सतत टपरीवरच्या त्या बाई दिसत होत्या.

चित्रपट संपल्यावर बराच वेळ कोणी उठलं नाही. मग चौथ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्या तक्रारीवरून ते पत्र आलं होतं, आत गेल्या आणि अण्णांच्या पलंगाशेजारी बसल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. पण त्यानंतर अण्णा मजला चुकून त्यांच्याकडे गेले की त्या दार उघडायच्या, पाण्याचा तांब्या द्यायच्या आणि इंटरकॉमवर मला सांगायच्या, "आलेत गं, बसलेत. सावकाश ये." अण्णा गेले २०२१ मध्ये. तोवर ही दोन-अडीच वर्षं त्या एका दाराने आम्हाला तारलं.

अध्यक्षमहोदय, हे सगळं एका संध्याकाळी, एका टीव्हीसमोर, नऊ माणसांत घडलं. आपल्या क्लब हाऊसमध्ये दीडशे खुर्च्या आहेत.

आता सुमित्राबाईंविषयी. त्यांचं नाव ऐकून आपल्यापैकी काहींना काहीच आठवणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांच्या चित्रपटांची पोस्टरं कधी मुलुंड चेकनाक्यावर झळकली नाहीत. जन्म १९४३ चा, पुण्याचा. शिक्षण राज्यशास्त्र आणि समाजशास्त्राचं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून त्यांनी ग्रामीण कल्याणाचा अभ्यासक्रम केला. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं. आकाशवाणीवर मराठी बातम्याही वाचल्या. मग 'स्त्रीवाणी' या प्रकल्पात त्यांनी वस्त्यांमधल्या दलित बायकांच्या जीवनकहाण्या नोंदवून घेतल्या. तिथेच त्यांच्यापुढे पेच उभा राहिला. ज्या बायकांनी आपलं आयुष्य उलगडून सांगितलं, त्यांना तो अहवाल वाचता येणार नव्हता. अभ्यासकांचं अभ्यासकांनी वाचायचं, असा तो प्रकार. हे त्या बायकांपर्यंत परत पोचवायचं तर चित्र आणि आवाज हवा, असं त्यांना वाटलं.

तेव्हा त्यांचं वय बेचाळीस होतं. चित्रपटाचं कसलंही शिक्षण नव्हतं. १९८५ मध्ये त्यांनी 'बाई' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी 'पाणी' केला, त्यालाही मिळाला. आपल्याकडे बेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसाने नवीन काही सुरू करायचं म्हटलं तर घरातलेच विचारतात, आता कशाला? त्या वयापासून पुढच्या पस्तीस वर्षांत त्यांनी डझनभराहून जास्त पूर्ण लांबीचे चित्रपट आणि पन्नासच्या आसपास लघुपट केले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले सुनील सुकथनकर त्यांचे सहदिग्दर्शक. लेखन बाईंचं, गाणी बहुतेक वेळा सुकथनकरांची, दिग्दर्शन दोघांचं. कपडेपट आणि कलादिग्दर्शनातही बाई स्वतः हात घालायच्या. पैसा कधी सरकारी संस्थेकडून यायचा, कधी एखाद्या सामाजिक संस्थेकडून, कधी डॉक्टरांकडून, कधी स्नेह्यांकडून. मोठा निर्माता पाठीशी आहे आणि तो सांगेल तसं दोन गाणी आणि एक मारामारी घाला, असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नाही.

पहिला मोठा चित्रपट 'दोघी', १९९५ चा. लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो, आणि पांढऱ्या पायाची ठरवलेल्या थोरल्या मुलीला घर वाचवण्यासाठी मुंबईला पाठवलं जातं. तिच्या पैशावर घर चालतं, पण ती परत आली की गावाला ती नको असते. रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी आणि उत्तरा बावकर. 'दहावी फ' शाळेत नापासाचा शिक्का बसलेल्या तुकडीविषयी आहे. घरात दहावी-बारावीचं मूल असलेल्या प्रत्येकाने तो पाहावाच, कारण आपण शेजारच्या मुलाचे टक्के कसे विचारतो, हे त्यानंतर आपल्याच कानांना ऐकू येऊ लागतं. 'वास्तुपुरुष' माझ्या मते त्यांचा सर्वात मोठा चित्रपट. वाडा ढासळतोय, घरातले पुरुष पुरलेल्या धनाच्या आशेवर आहेत आणि आई मात्र मुलाला डॉक्टर करायच्या हट्टाला पेटली आहे. 'नितळ' अंगावर कोड असलेल्या मुलीचा. लग्नाच्या बाजारात आपण काय काय बघतो, ते त्यात आहे. सगळेच मला सारखे आवडले असं नाही. 'घो मला असला हवा' माझ्यापर्यंत तितकासा पोचला नाही. पण नकली असा त्यांचा एकही नाही.

'देवराई'वर मात्र मला ठाणेकर म्हणून थांबायचं आहे.

आपण ठाण्यात वाढलेली माणसं एक वाक्य ऐकत मोठे झालो. कोणी जरा वेगळं वागलं की बाकीचा महाराष्ट्र म्हणायचा, "याला ठाण्याला पाठवा." मनोरुग्णालय इथे १९०१ पासून आहे, त्यामुळे आपल्या गावाचं नावच एक शिवी होऊन बसलं. लहानपणी सुट्टीत कोल्हापूरला आत्याकडे गेले की तिथली मुलं विचारायची, "तू ठाण्याची? मग सुटलीस कशी?" मी रडत घरात यायचे. आणि तरीही आपल्याच संकुलांत एखाद्याच्या घरात असा आजार निघाला, की ते घर पडदे ओढून बसतं. 'देवराई'त अतुल कुलकर्णी यांनी शेष नावाच्या तरुणाची भूमिका केली आहे. हुशार, गावाकडच्या देवराईत जीव अडकलेला, स्किझोफ्रेनिया झालेला. त्याला ऐकू येणारे आवाज, दिसणारी माणसं आपल्यालाही दिसतात, त्यामुळे तो 'वेडा' वाटायचा थांबतो. आणि सोनाली कुलकर्णी ही त्याची बहीण. तिची होणारी ओढाताण, नवरा-मुलं एकीकडे, भाऊ दुसरीकडे, ही त्या चित्रपटातली मला सर्वात खरी वाटलेली गोष्ट. आजाऱ्याचं दुःख निदान कोणीतरी विचारतं. सांभाळणाऱ्याचं कोण विचारतं? २००४ मध्ये, या आजाराचं नावही लोक दबक्या आवाजात घ्यायचे तेव्हा, एका मराठी दिग्दर्शिकेने हे केलं. ज्या गावाच्या नावाचा असा वापर झाला, त्या गावात तरी 'देवराई' सर्वांनी मिळून पाहायला हवा.

मग 'कासव'. २०१७ मध्ये जाहीर झालेला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, सुवर्णकमळ, या चित्रपटाला मिळालं. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि हा, एवढेच मराठी चित्रपट तोवर या यादीत होते. जीव द्यायला निघालेला एक तरुण आणि स्वतः नैराश्यातून गेलेली एक स्त्री, कोकणातल्या समुद्राकाठच्या घरात. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचं काम चाललेलं आहे. मादी वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. माणसांनी फक्त कोल्ह्या-कुत्र्यांपासून राखण करायची. पिल्लं बाहेर आली की उचलून पाण्यात टाकायची नाहीत. वाळूवर सोडायची आणि बाजूला उभं राहायचं, त्यांची ती चालत जातात. आलोक राजवाडेच्या त्या मुलाला चित्रपटात कोणी उपदेश करत नाही, कोणी "सगळं ठीक होईल" म्हणत नाही. त्याला जेवायला वाढतात, चादर देतात, आणि बाजूला उभे राहतात. मी हे इतक्या सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्या संकुलांत बंद दारामागे किती तरुण मुलं आहेत, हे आपल्यालाही ठाऊक आहे. आणि आपण बहुतेक उपदेशच करतो.

तो 'कासव' मला मोठ्या पडद्यावर पाहायचा होता. ऑक्टोबर २०१७. ठाण्यातल्याच एका मल्टिप्लेक्समध्ये दुपारचा एकच खेळ होता. मी अर्धी रजा टाकून मैत्रिणीला घेऊन गेले. आम्ही धरून सात जण जमलो होतो. पाच मिनिटं आधी एक मुलगा आला आणि म्हणाला, तिकिटं कमी गेलीत, शो होणार नाही, पैसे परत घ्या. सुवर्णकमळ मिळालेला चित्रपट, आपल्या भाषेतला, आणि त्याला आपल्या शहरात एक खेळ मिळेना. त्या मुलाचा काही दोष नव्हता. पण त्या दिवशी मला कळलं की हे चित्रपट आपल्याकडे चालत येणार नाहीत. आपल्यालाच त्यांच्यासाठी जागा करावी लागेल.

ठाण्याला हे नवं नाही. १८९३ मध्ये इथल्या लोकांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं, तेव्हा पुस्तकं आपणहून गावात येण्याची वाट ते बघत बसले नाहीत. वंदना टॉकीज गेली, तरी एसटीच्या थांब्याला आपण अजून वंदनाच म्हणतो. सगळ्यांनी मिळून एका अंधारात बसायची हौस या गावाला होती आणि आहे. आता ती जागा आपल्या क्लब हाऊसमध्ये आहे. क्रिकेटच्या अंतिम सामन्याला आपण तिथे प्रोजेक्टर लावतो, गणपतीत पाच दिवस कार्यक्रम करतो. तोच प्रोजेक्टर, त्याच खुर्च्या.

आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत, कारण आमच्या सर्वसाधारण सभेत ते आले. "रविवारी असली रडकी चित्रं कोण बघणार?" हे रडके चित्रपट नाहीत. सुमित्राबाई कोणालाच अगदी वाईट ठरवत नाहीत, त्यामुळे बघून उठताना माणूस जड होण्याऐवजी मोकळा होतो. तरी शंका असेल तर 'दिठी'ने सुरुवात करा. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा, दीड तासाच्या आतबाहेरचा चित्रपट. तरणाताठा मुलगा पुरात गमावलेला वारकरी लोहार आणि अडलेली गाय, एवढीच गोष्ट. किशोर कदम यांचा हात त्या गायीच्या पाठीवरून फिरतो, तो क्षण सोसायटीतल्या प्रत्येक आजीला कळेल. १९ एप्रिल २०२१ ला सुमित्राबाई गेल्या आणि पुढच्याच महिन्यात 'दिठी' ओटीटीवर आला.

"पैसे कुठून?" निर्मात्यांकडून लेखी परवानगी घ्यायची आणि ते सांगतील ते शुल्क भरायचं. कोणाच्या तरी मोबाईलवर आलेली चोरटी प्रत लावायची नाही, याबाबत माझा आग्रह आहे. ज्या बाईंनी प्रत्येक चित्रपटासाठी पै-पै जमवली, त्यांच्या कामाचे पैसे बुडवून चर्चा कसली करायची? २०० घरांच्या संकुलात घरटी ५० रुपये धरले तरी १०,००० होतात. मेंटेनन्सच्या बिलात घालू नका, ज्याला द्यायचे त्याने द्यावेत. कमी पडले तर दोन-तीन संकुलांनी मिळून एक संध्याकाळ करावी. वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, अंतरं फार नाहीत.

"चर्चेत भांडणं होतील." होऊ देत. पार्किंगवरून होतातच. पहिल्या वेळी शक्य झालं तर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा. ठाण्यात या विषयावर मनापासून काम करणारी माणसं आहेत. नाही मिळाले तरी अडत नाही. आमच्या घरच्या टीव्हीसमोर कोणी तज्ज्ञ नव्हतं.

एक विनंती मात्र नक्की करते. वॉचमन, सफाई करणाऱ्या ताई, घरकामाला येणाऱ्या मावशी, ज्येष्ठांना सांभाळायला येणाऱ्या आया, यांनाही बोलवा आणि पुढच्या रांगेत बसवा. सुमित्राबाईंनी पहिला लघुपट केला तो अशाच बायकांपर्यंत पोचावा म्हणून. शिवाय अण्णांसारखा माणूस फाटकातून बाहेर पडतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा बघणारा माणूस वॉचमनच असतो.

जून महिन्याच्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी साडेपाचला, आमच्या संकुलात पहिला खेळ ठरवावा असा अर्ज मी आमच्या कमिटीला दिला आहे. आपणही आपल्या मासिक बैठकीत हा विषय घ्यावा. ज्या संकुलाकडे पडदा नसेल त्यांना माझ्याकडचा देईन. साधा, पांढऱ्या मांजरपाटाचा आहे, आठ फूट बाय सहा, वर दांडी घालायला नेफा शिवलेला. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी शिवून दिलाय.

आपली,
घोडबंदर रस्त्यावरची एक सभासद